भाडेकरूचे बूट

परदेशी फौज परत जाऊ नये म्हणून आईने वरच्या खोलीतल्या भाडेकरूचे बूट लपवले.

भाडेकरू त्या फौजेतला कॅप्टन. छावणीत जागा पुरेना तेव्हा बाबांनी त्याला खोली दिली होती. आता बाबा वारून दोन महिने झाले होते, आणि फौजेलाही परतीचा हुकूम आला होता. लेक अणुवीज केंद्रातून घरी आली, तर कॅप्टन मोज्यांवर जिन्यात उभा आणि आई निवांत भाजी निवडतेय.

“आई, बूट दे.”

“मला काय विचारतेस? बूट त्याचे, फौज त्याची.”

“आई.”

“हे बघ, ही माणसं इथे होती तोवर आपल्या वाटेला कोणी गेलं नाही. आपल्यावर हल्ला म्हणजे त्यांच्यावर हल्ला. म्हणून तर अणुबॉम्ब करणार नाही असं आपण लिहून दिलं. आता हे निघाले, तर मंत्री म्हणतो, आपला बॉम्ब आपण करू. ते ऐकून शेजारच्या देशानेही बाह्या सरसावल्या. आणि बॉम्ब करायला तुला धाडणार त्या बंद गावात. ना फोन, ना पत्र. खरं ना?”

खरंच होतं. लेकीची बॅगही भरून ठेवलेली होती. फौज गेली की असं होणार, हे बाबांनी पूर्वीच जेवताना मांडून दाखवलं होतं. वाट्या म्हणजे देश, मीठदाणी म्हणजे फौज. मीठदाणी उचलली की सगळ्या वाट्या एकमेकींकडे संशयाने बघायला लागायच्या.

“पण एका माणसाच्या बुटांनी फौज थांबते का?”

“एकाच्या कुठे? समोरच्या काकूंनी त्यांच्याकडच्या दोघांचे घेतलेत. डॉक्टरीणबाईंनी तर टोप्यासुद्धा.”

लेकीने खिडकीतून पाहिलं. बलाढ्य देशाचे सैनिक मोज्यांवर दारोदार फिरत होते, आणि दारोदारच्या बायका कानांवर हात ठेवत होत्या. एकीने तर चौकशीला आलेल्या हवालदारालाच मटार सोलायला बसवलं होतं. लेकीला हसू फुटलं, ते आवरेना. पोट धरून ती पायरीवर बसली. शेजारी बसून कॅप्टनही हसू लागला.

“काकू, ट्रक येईल. साहेब मला फाडून खाईल.”

“मग जाऊ नकोस.”

“ते मी नाही ठरवत, काकू.”

“माझी पोर जाईल तेव्हा मला तरी कोण विचारणार आहे?”

हसणं थांबलं. आई उठून आत गेली आणि बाबांच्या चपला घेऊन आली. खाटेखालच्या त्या चपलांना तिने आजवर झाडूसुद्धा लागू दिला नव्हता.

“फरशी गार आहे. घाल.”

ट्रक आला. बूट काही मिळाले नाहीत. एक नंबर मोठ्या चपला फटक फटक वाजवत कॅप्टन गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेडिओने सांगितलं, तिकडच्या संसदेत एकमत होईना. फौजेचा मुक्काम पुढच्या हुकमापर्यंत वाढला. इकडच्या मंत्र्यानेही आपला बेत तूर्त बासनात गुंडाळून ठेवला. बुटांचं नावही कोणी घेतलं नाही.

“कसे घेतील? लाज वाटते त्यांना,” आई म्हणाली.

लेक बॅगेतले कपडे कपाटात लावत होती. तेवढ्यात जिन्यात आवाज आला. फटक, फटक.

आईने वर न बघता तिसरं ताट घेतलं, बाबांचं. घेतल्यावर तिचा हात थांबला. लेकीने मीठदाणी आणून मधोमध ठेवली.