माटोळीला टांगलेली फांदी

गोकुळदासाला मिळणार होतं ते एवढंच: माटोळीच्या स्पर्धेत पहिला नंबर आणि चुलतभाऊ सगुणाचं उतरलेलं तोंड. खरं म्हणजे नंबरापेक्षा तोंडच जास्त हवं होतं.

लाटंबार्से गावात चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळांची, वेलींची माटोळी बांधतात. सगुण पाच वर्षं पहिला. लोक त्याची माटोळी बघायला शेजारी शिरले की गोकुळदासाच्या घशाखाली सणाची गोड पातोळी उतरत नसे.

यंदा त्याची नजर बायकोच्या कुंडीवर गेली. भाग्यलक्ष्मीने नऊ वर्षं वाढवलेलं आफ्रिकेच्या वाळवंटातलं झाड. कोरफडीच्या कुळातलं, पण मांडीएवढं जाड खोड आणि वर दोनच फांद्या. मुळाशी चिऱ्याची खडी, उन्हाळाभर कडक ऊन. मिरगापासून दसऱ्यापर्यंत पडवीत कोरडं, एक थेंब पाणी नाही.

"एक फांदी दी गो. असली माटोळी गोव्यात कोणाकडे नसेल."

"ह्या दमट दिसांत कापलं तर जखम सुकायची नाही. आतून कुजेल. मे महिन्यात मागा."

"मे महिन्यात चवथ असते?"

ती हळदीची पानं आणायला परसात गेली आणि ह्याने नारळाच्या ओल्या कोयत्याने फांदी उतरवली.

परीक्षक फांदीखाली थांबले. गोकुळदासाची छाती फुगली.

"हे आपल्या रानातलं?"

"छे! वाळवंटातलं."

"मग माटोळीत कशाला?" गुण कापले. पहिला नंबर सगुणालाच.

"दादा, आफ्रिकेच्या रानात कधी जाऊन आलास मरे?" सगुणाने दारातूनच विचारलं. सगळी पडवी हसली.

विसर्जनानंतर माटोळी सोडली. भाग्यलक्ष्मीने ती फांदी सगुणाच्या बायकोच्या, सुलोचनेच्या हातात कोंबली. "ने गो, डोळ्यांसमोर नको." सुलोचनेने ती चुलीवरच्या फळीवर टाकली आणि विसरली.

दसऱ्याला भाग्यलक्ष्मीने खोडाला बोट लावलं. बोट आत गेलं.

शिगम्याच्या साफसफाईत सुलोचनेला फांदी सापडली. कापलेली बाजू धुराने खणखणीत सुकलेली. खडीत खोचली, पाणी घालायचंही विसरली. आज त्या फांदीला नवी पानं आहेत.

भाग्यलक्ष्मी हल्ली सुलोचनेच्या पडवीवरून जाताना मान दुसरीकडे वळवते. ही सवय तिच्या घरात आधी एकट्या नवऱ्यालाच होती.

तर नंबर सगुणाचा, झाड सुलोचनेचं, कोयता गोकुळदासाचा. नऊ वर्षं गेली ती भाग्यलक्ष्मीची.