डोळे उघडे ठेवून

आईला जाऊन चौथा शनिवार उजाडला, आणि थोरलीने ठरवलं की आज लबाडी करायची नाही.

आईचं इस्त्रीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. प्रार्थनेसाठी वेगळा वेळ तिला जन्मात मिळाला नाही, म्हणून तिने कामातच सोय लावून घेतली. शनिवारी दुपारी गिऱ्हाइकांचे गठ्ठे बांधून झाले की घरच्यांचे कपडे टेबलावर यायचे, आणि ज्याचा कपडा हाताखाली, त्याच्यासाठी प्रार्थना. कॉलर करताना, प्रभू, याच्या तोंडी खरं राहू दे. बाह्या करताना, हाताला काम असू दे. पाठ करताना, याच्या पाठीशी राहा. शेवटी खिसा: इथे आत, छातीपाशी, तुझ्यासाठी जागा होऊ दे. सगळं तोंडातल्या तोंडात आणि डोळे टक्क उघडे. पाळकांनी एकदा गमतीने विचारलं होतं, बाई, तुम्ही डोळे कसे मिटत नाही? आई म्हणाली होती, "मिटले तर प्रभू ऐकेल हो, पण कापड थांबायचं नाही."

धाकट्याने अकरा वर्षांपूर्वी चर्च सोडलं. वडिलांच्या अंत्यविधीला ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द सतरा जणांकडून ऐकून त्याचं डोकं फिरलं, ते फिरलंच. लिफ्ट दुरुस्तीचं काम धरलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. आईकडे यायचा, पोटभर जेवायचा, आणि देवाचा विषय निघाला की चपला शोधायला लागायचा. आईने कधी वाद घातला नाही. त्याचा एक निळा शर्ट मागे राहिला होता, तो मात्र ती दर शनिवारी इस्त्री करत राहिली. कॉलर विरली, निळा रंग पांढुरका झाला. दवाखान्यात बोलणं जड जायला लागलं तेव्हाही तिने थोरलीचा हात धरून एवढंच सांगितलं, "शनिवारी त्याचा शर्ट. खाडा करू नकोस."

थोरलीने खाडा केला नाही. तीन शनिवार तिने शर्टावरून इस्त्री फिरवली, घडी घातली, कपाटात ठेवला. पण तोंडातून शब्द फुटला नाही. घसा बसावा तशी तिची प्रार्थनाच बसली होती. चर्चमध्ये आमेन म्हणायची, तेही नुसतं ओठांनी. धाकट्यासाठी देवाकडे मागणारी आई गेली, आणि मागे उरली ती ही मुकी. नुसतं कापड सरळ करून शब्द पाळल्याचं सोंग तिला आतून खात होतं.

म्हणून आज तिने शर्ट पसरला, पाणी शिंपडलं आणि कॉलरपासून सुरुवात केली. शब्द आले, अडखळत, पण आले. बाह्या झाल्या. पाठीवर आली, "याच्या पाठीशी राहा" म्हणाली. लहानपणी चर्चमध्ये लागलेली सवय. डोळे आपोआप मिटले. किती वेळ ती बोलत राहिली कोण जाणे. चार आठवड्यांचं साठलेलं होतं.

वासाने ती भानावर आली. पण त्याआधीच कोणीतरी बटण बंद करून तिच्या हातातली इस्त्री उभी केली होती. धाकटा. दुकानाची पाटी उतरवायला तो आज येणारच होता.

शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता.

"हा माझा ना?" त्याने विचारलं.

मग तिने काही लपवलं नाही. कॉलरपासून खिशापर्यंत आईचे शब्द सांगितले, दवाखान्यातलं सांगितलं, आपले तीन मुके शनिवारही सांगितले. आईने एवढं एकच काम सोपवलं होतं आणि तेही मी जाळलं, म्हणाली.

हातातल्या स्क्रू ड्रायव्हरशी चाळा करत तो ऐकत होता. "अकरा वर्षं?"

"दर शनिवारी."

"तिला काय वाटत होतं, मी अजून यात मावेन?" तो हसला. हसता हसता मध्येच आवाज फाटला, आणि शर्ट मांडीवर घेऊन तो आईच्या स्टुलावर बसला. मग म्हणाला की शनिवारी दुपारी फोन केला की आई हमखास म्हणायची, नंतर कर, आत्ता तुझंच काम चाललंय. आपलं असलं कसलं काम, हे त्याला कधी कळलं नव्हतं.

"तुझी कुठवर झाली होती?" त्याने विचारलं.

"पाठीपर्यंत. खिसा राहिला."

"खिशाचं माझं मी बघतो, ताई."

एरवी तिने खोदून विचारलं असतं. आज विचारलं नाही.

त्याने इस्त्रीचा तळ घासून पुसला, पुन्हा बटण लावलं, आईसारखाच बोटाने पाण्याचा थेंब टाकून ताव पाहिला. कोपऱ्यातल्या ढिगातून थोरलीचा कामावरचा पांढरा शर्ट ओढून काढला. चार आठवडे ती चुरगळलेल्या कपड्यांतच कामावर जात होती. आई तिच्याही कपड्यांवर असंच काही बोलत असणार, हे तिला आत्ता सुचलं.

धाकट्याने कॉलरपासून सुरुवात केली. हात कच्चा होता, ओठ हलत होते.

"काय म्हणतोयस?"

"मध्ये बोलू नकोस. कापड जळेल."

ती उंबऱ्यावर बसली, भिंतीला पाठ टेकली, आणि निवांत डोळे मिटले. इस्त्री आता दुसऱ्याच्या हातात होती.