मास्तरांची ओळ

मास्तर तीन महिने बाहेरगावी निघाले होते आणि मोठ्या माणसांच्या साक्षरता वर्गाची त्यांना फार काळजी होती. म्हणून त्यांनी सगळी पुस्तकं कपाटात कोंडली आणि फळ्यावर एक ओळ लिहिली: 'मास्तर येईपर्यंत आम्ही मागचेच धडे गिरवू.'

"रोज दहा वेळा लिहा. पुढचं वाचायला जाऊ नका, माझ्याशिवाय डोक्यात नुसता गोंधळ होईल."

म्हाताऱ्या शिंपीणबाईंच्या पिशवीत लेकीचं पत्र होतं. आजवरची पत्रं शेजारीण वाचायची आणि संध्याकाळपर्यंत लेकीचा संसार गल्लीभर व्हायचा. हे पत्र बाईंना स्वतः वाचायचं होतं.

"एक पुस्तक तरी ठेवा, मास्तर."

"फाटेल, आजी."

"पन्नास वर्षं लोकांचं फाटलेलंच शिवतेय मी. पुस्तकाचं काय घेऊन बसलात?"

मास्तरांनी किल्ली खिशात टाकली आणि सगळ्यांचे नमस्कार घेत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती ओळ ओल्या फडक्यानं पुसली, मास्तरांच्याच खुर्चीत बसून पत्र उघडलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवत तासाभरात चार ओळी वाचल्या.

"काय लिहिलंय हो?" वर्गातल्या सुतारानं मान लांब केली.

"हे माझं आहे. तू घरून तुझा कागद आण, आणि मास्तर यायच्या आत वाचून टाक."