लेकरं कितवीची हायत?

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे, दोन्ही बाजूंना हात असलेली. शिरड शहापूरजवळच्या एका तांड्यावरच्या वाचनालयात मी राहते. इथल्या बाकीच्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत. कार्यक्रम संपला की त्या एकीत एक रचून ठेवतात, म्हणून त्यांना एकमेकींची सोबत असते. मी रचली जात नाही. कोपऱ्यात एकटीच उभी असते.

मला वसरामकाकांनी करवून घेतले. एस.टी.त कंडक्टर होते ते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे वाचनालय काढले आणि दर हिवाळ्यात मुलांसाठी एक व्याख्यान सुरू केले. त्या दिवशी मी पाहुण्यांची. काका स्वतः माझ्यावर कधी बसले नाहीत. ते खाली बसत, फोन माझ्यावर ठेवत आणि पाहुणा शोधत. त्यामुळे पाहुण्याच्या आधी त्याचा आवाज माझ्याकडे येई.

काकांची पारख साधी होती. बोलावणे सांगून झाले की ते गप्प राहत आणि समोरचा आधी काय विचारतो ते ऐकत. गर्दी किती जमेल, असे कोणी विचारले की रामराम करून फोन ठेवत. मुले कितवीची आहेत, असे विचारणारा भेटेपर्यंत त्यांचा शोध चाले. असे पाहुणे फार नावाजलेले नसत. पण ते येत, आणि माझ्यावर पुढे सरकून बसत.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. दाराला कुलूप लागले. माझ्यावर धूळ बसली आणि ती पुसणारे कोणी उरले नाही.

हिवाळ्यात त्यांची मुलगी निता नांदेडहून आली. बरोबर वाचनालयाच्या समितीतले कुलदीपकाका होते. त्यांनी तिला सरळच सांगितले, की यंदाचा कार्यक्रम पडला तर ही खोली धान्य ठेवायला जाईल. तेव्हा नाव असलेला माणूस आणू. शहरातल्या एका वक्त्याला त्यांनी फोनही लावला. त्याने गर्दीचे विचारले, मग मंडपाचे, मग गर्दीचेच पुन्हा.

“येऊनच राहिलो समजा,” तो म्हणाला.

निताने त्याला नम्रपणे नको म्हटले आणि डोंगरकडा गावच्या सीमाताईंना फोन लावला. त्या जनावरांच्या डॉक्टर.

कुलदीपकाका हसले. “आपली लेकरं काय वासरं हायत का, निता?”

“लेकरं कितवीची हायत?” फोनमधून सीमाताईंनी विचारले.

“पाचवीपासून धावीपर्यंत.”

“आन् त्यांच्या मनात काय हाय?”

निताने माझ्या हातावरची धूळ पुसली. “ते बाला ठाऊक राहायचं. बा न्हाईत आता.”

“मग लेकरांना विचारा, बाई. तवर मी येते म्हणत न्हाई.”

निता तांड्यातल्या घराघरांत जाऊन आली. मुलांचे प्रश्न तिने फोनवर सांगितले आणि सीमाताई येते म्हणाल्या.

व्याख्यानाच्या दिवशी सतरंजी अंथरायच्या आधीच त्या पोचल्या. माझ्यावर पुढे सरकून बसल्या आणि बोलण्यापेक्षा जास्त ऐकत राहिल्या. शेवटी दीक्षा नावाची मुलगी उठली.

“मरताना जनावराला कळतं का, ताई?”

निता दाराबाहेर बघू लागली. सीमाताईंनी घाई केली नाही.

“मला ठाऊक न्हाई, लेकरा. पण जवळ कोणी बसलेलं असलं, की ते शांत राहतं. येवढं मी पाह्यलंय.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी जायलाही कोणी उठेना. जाताना कुलदीपकाका निताला म्हणाले, की धान्याचे पुढे बघू, खोली राहू दे.

सगळे गेल्यावर निताने सतरंजी घडी केली, खुर्च्या रचल्या. मग ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. कोणी काय विचारले, पाहुणी कशी बोलली, कोणते लेकरू लाजले, सगळे तिने हळू आवाजात पहिल्यापासून सांगितले. मला ऐकू येते हे तिला माहीत नव्हते. पण घरी हे ऐकायला कोणी नव्हते.

मित्रांनो, पाहुणा पारखून बोलवा, त्याची बडदास्त ठेवा. पण त्याची गाडी गेली की लगेच पांगू नका. ज्याने त्याला बोलावले, तो मागे एकटाच सतरंजी गुंडाळत असतो. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. मला ऐकता येते, पण हुंकार देता येत नाही.