थांबवलेले व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह ट्रकवर चढले होते. ड्रायव्हर चावी फिरवणार तेवढ्यात सूनबाई ऑफिसातून धावत आल्या. "उतरवा सगळं!"

कारखाना सासऱ्यांचा. कोणत्या देशावर काय बंदी आहे ते तपासायला बँकेने जबाबदार माणूस मागितला, तेव्हा सासऱ्यांनी वैतागून सुनेला त्या खुर्चीत बसवलं होतं. त्यांच्या सहीशिवाय माल बाहेर जायचा नाही. तपासणी व्हायची ती ऑर्डर घेताना. तेव्हा गिऱ्हाईक स्वच्छ होतं. परक्या शहराचं पाणीपुरवठा खातं. माल घडेपर्यंत बड्या देशांनी त्या खात्यावरही बंदी घातली. स्वतः बाटलीतलं पाणी पिणाऱ्यांनी! सूनबाईंनी आज सहज पुन्हा पाहिलं म्हणून कळलं.

"तिकडं कुणी साहेब कूस बदलतो आणि इकडं माझा ट्रक अडतो?" सासरे कडाडले.

"माल गेला तर बँक खातं गोठवेल, बाबा. मग पगार कशातून द्यायचे?"

ही ऑर्डर आणणारा दलाल शेजारीच चहा फुंकत उभा होता. "वहिनी, एवढं काय घेऊन बसलात! कागदावर शेजारचा देश टाकू. तिथून माल पलीकडं. सगळे तेच करतात."

"मग सगळ्यांकडूनच सही घ्या."

पण अडचण कागदापुरती नव्हती. प्रत्येक व्हॉल्व्हच्या अंगावर गिऱ्हाइकाचं नाव ओतायचं, ही सासऱ्यांची जुनी हौस. नाव लोखंडातच खोल बसलं होतं.

"घासून टाका की," दलाल म्हणाला.

सासऱ्यांनी ग्राइंडर उचलला. पहिल्या अक्षराला टेकवला. ठिणग्या उडाल्या आणि त्यांचा हात थांबला. अक्षर जाईपर्यंत घासलं तर तिथली भिंत पातळ होणार, दाब आला की फुटणार.

"फुटलं तर तिकडं फुटेल. तुमचं काय जातंय?"

"चहा संपव आणि चालता हो."

माल उतरला. सासऱ्यांनी त्या शहरातल्या इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर. सूनबाई समोर बसल्या. माल येणार नाही, एवढंच सासऱ्यांनी सांगितलं.

पलीकडून इंजिनिअर म्हणाला, "आम्ही काय केलं हो?"

"काही नाही. तुम्ही काहीच केलं नाही."

"पाण्यासाठी सूट मागता येते," सूनबाई मध्येच बोलल्या. "मी आजच अर्ज करते. मिळेलच असं नाही."

"तोवर जुनेच व्हॉल्व्ह चालवतो. पण गळताहेत सगळे. काका, ते घट्ट कसे करायचे तेवढं तरी सांगाल? का त्यालाही बंदी?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. नियम सूनबाईंना पाठ होता. नुसता सल्ला देणंही बंदीत येत होतं. त्यांनी मान हलवली: नाही.

सासऱ्यांनी फोन ठेवला नाही. स्पीकर बंद करून कानाला लावून बसले. डोळे सुनेवर.

सूनबाई उठल्या, बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.