गट ४१७०

"रेडिओवर नको म्हणून किती वेळा सांगायचं? आधी कुलूप लाव!" कंपनीचा साहेब खेकसला आणि व्हर्लिन स्टिल्टनरच्या स्कॅनरवरचा आवाज तुटला.

मक्याच्या पावाचा तुकडा व्हर्लिनच्या हातात तसाच राहिला. त्याआधीचं वाक्य त्याने नीट ऐकलं होतं. धरणावरचा पहारेकरी म्हणाला होता, "पायथ्यातून काळं पाणी येतंय, साहेब."

वेस्ट व्हर्जिनियाच्या या खोऱ्यात व्हर्लिनने तीस वर्षं त्याच कंपनीचे पंप दुरुस्त केले. कोळसा धुतल्यावर उरलेला चिखल ते पंप डोंगरावर चढवत आणि लोकांच्या डोक्यावर मातीच्या धरणामागे साठवत. नोकरी संपल्यावर त्याने कंपनीचं वायरलेसवरचं बोलणं ऐकवणारा स्कॅनर घेतला. या नव्या वायरलेसवर बोलणं एका जागी टिकत नाही, क्षणाक्षणाला दुसऱ्या लहरीवर उडी मारतं. स्कॅनर बोलणाऱ्यांच्या गटाचा नंबर धरून त्याच्यामागे पळतो. धरणाचा गट ४१७०. तासाला एकदा नंबर उजळायचा, पहारेकरी पातळी सांगायचा, संपलं.

बोलण्याला सांकेतिक कुलूप लागल्यावर अक्षर कळेना, पण नंबर दिसत होता. उजळला. विझला. लगेच उजळला. मिनिटात चार वेळा.

"ओपल, गाडीत बस," तो बायकोला म्हणाला.

"पुन्हा? मागच्या वसंतात कंपनीची धरण फुटल्याची कवायत तू खरी धरलीस. अख्खं खोरं पावसात टेकडीवर उभं केलंस. दुकानात अजून विचारतात मला, आज बुडायचंय का म्हणून!"

"कवायतीला कोणी कुलूप लावत नाही गं."

ओपलने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

त्याने फोन लावला तर शेरीफच्या कचेरीतून उत्तर आलं, "कंपनीने काही कळवलेलं नाही." कळवतील कशाला? बोलण्याला कुलूप लावायला यांना एक मिनिट पुरतं. धरणाची डागडुजी बारा वर्षं पुढे ढकलता येते.

हॉर्न दाबून धरत तो खाली निघाला. काही गाड्या मागे लागल्या. काहींनी पडदा सारून पाहिलं आणि परत सोडला.

शेवटचं घर बहिणीचं. दारात मेव्हणा, डेल्मर.

"आला बघा नोहा! हत्ती-उंट भरलेस का रे नावेत या वेळी?"

"इनेझला नेतोय."

"हात तर लाव! जेवतोय आम्ही."

व्हर्लिन त्याला ढकलून आत गेला. इनेझचे पाय लुळे; त्याने तिला खुर्चीतून उचललं.

"दादा, खरंच येतंय का?"

"माहीत नाही गं. मला त्यांनी ऐकू दिलं नाही."

"बायको पळवलीस म्हणून तक्रार करीन!" डेल्मर गाडीपर्यंत ओरडत आला. तिथे त्याच्या पायाखालची जमीन थरथरू लागली. तो मागे चढला.

टेकडीवरून सगळं दिसलं. चिखल छपरांएवढा उंच होता. पडदे सोडलेल्या घरांची नावं कोणी घेतली नाहीत. डेल्मरचं घर एकदा स्वतःभोवती फिरलं आणि गेलं.

डेल्मरच्या गळ्यात जेवणाचा रुमाल अजून खोचलेला होता. त्याने तो काढला, चुरा झटकला, चार घड्या घातल्या. मग तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना.