न वाळलेली अग्रणी

मी एक जुना ब्रश आहे. डुकराच्या ताठ केसांचा. नाक मुरडू नका मित्रांनो, तैलरंगाचा घट्ट लगदा ओढायला मऊ केस कामाचे नाहीत.

पंधरा वर्षं मी रहिमतपूरच्या सयाजी पेंटरकडे दुकानांच्या पाट्या रंगवल्या. काम संपलं की तो मला साबणानं धुवायचा, केस बोटांनी नीट बसवायचा, मगच स्वतःचे हात धुवायचा. पुढं फ्लेक्स आले. पाट्या संपल्या आणि मी खिळ्याला लटकलो.

मग सयाजीची भाची माया मला कवठे महांकाळला घेऊन गेली. तिला अग्रणी नदी रंगवायची होती, भरून वाहणारी. सांगलीच्या प्रदर्शनात तिचं पहिलं चित्र लागायचं होतं. ते बघायला तिची आई बनाबाई नवं लुगडं नेसून येणार होती. जन्मभर तिनं त्या नदीच्या कोरड्या पात्रातून मेंढरं हाकली होती.

निघताना सयाजीनं बजावलं, "पोरी, रंगात जवसाचंच त्याल घाल. आन् ह्याला रोज धू."

दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत पाळल्या असतील तर शपथ!

पहिली नदी डांबरी रस्त्यासारखी झाली. दुसरी चिखलासारखी. माया चिडायची आणि मला कॅनव्हासवर आपटायची. "ह्यो ब्रशच दळभद्री हाय!" वा रे वा! ओल्या रंगावर दुसरा रंग घासायचा, सगळं गढूळ करायचं, आणि दळभद्री मी?

दोन महिन्यांनी पाणी पाण्यासारखं दिसू लागलं. नेमकं तेव्हाच जवसाचं तेल संपलं. प्रदर्शनाला दहा दिवस उरले होते. बनाबाईनं शेंगदाणा तेलाची बरणी पुढं केली.

"घरच्या शेंगांचं हाय, घाण्यावर डोळ्यांदेखत काढलंय. बाजारातलं भेसळीचं कशाला?"

"व्हय की. त्याल ते त्याल," माया म्हणाली.

मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती. जवसाचं तेल हवेत वाळतं, शेंगदाण्याचं वाळत नाही! त्या तेलात मला बुचकळून तिनं अख्खी नदी रंगवली. झकास दिसत होती, खोटं कशाला बोलू? शेवटी मला पुसून काठाचे दगड केले, तेल न घालता, घट्ट रंगात. आणि आनंदाच्या भरात मला धुवायचं विसरली. दगड माझ्या केसांत वाळले.

सांगलीत संयोजकांनी चित्र उचललं आणि त्यांच्या पांढऱ्या बाहीला नदी लागली.

"ताई, हे ओलं आहे. बाकीची चित्रं खराब होतील. घेऊन जा."

नव्या लुगड्यातली बनाबाई दारातच थबकली.

घरी चित्र भिंतीकडं तोंड करून पडलं, मी डब्यात. भर उन्हाळ्यात एकदा झाडलोट करताना बनाबाईनं ते वळवलं, पाण्यावर बोट टेकवलं आणि ओरडली, "माये, आगं बघ! खरी नदी कोरडी ठाक, पर तुझ्या नदीला अजून पाणी हाय!"

माया आधी फुरंगटली, मग खळखळून हसली. तिनं मामाला फोन लावला. "मामा, जवसाचं त्याल पाठव. नदी परत रंगवते."

"आन् ब्रश?"

फोन ठेवून मायानं मला डब्यातून काढलं. मग तिनं मला टर्पेंटाइनमध्ये भिजवलं, विंचरलं. अर्धे केस गळून पडले. उरलेल्यांनी आता फक्त काठाचं गवत निघतं.

मित्रांनो, नदी परत रंगवता येते. माझे केस परत येत नाहीत. आधी ब्रश धुवा, मग हात.